दहापैकी किती?

बालाट्रो हा पत्त्यांचा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, तेव्हा वयोगट ठरवणाऱ्या पेगी या युरोपीय संस्थेने त्याच्यावर ३ चा शिक्का मारला होता. म्हणजे तीन वर्षांच्या पोराने खेळला तरी हरकत नाही. मार्चमध्ये तो शिक्का एकदम १८ वर गेला आणि काही ऑनलाइन दुकानांतून गेम काही दिवस उतरवावा लागला. पुढे अपील झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आकडा १२ वर येऊन थांबला. या सगळ्या काळात पत्ते तेच होते, नियमही तेच.

१८ देणाऱ्यांचं म्हणणं असं की यात जुगाराचं ठळक चित्रण आहे. पोकरमधले हात आहेत, चिप्स आहेत, हे खरंच. पण गेम खेळायला बसलं की काय होतं ते बघा. हातात आठ पत्ते येतात, त्यातले जास्तीत जास्त पाच टाकायचे. तीन पत्ती खेळलेल्या माणसाला जोडी, कलर, सिक्वेन्स वेगळं शिकवावं लागत नाही. पहिला टप्पा पार करायला ३०० गुण लागतात. समजा बदामाचा कलर लागला: एक्का, राजा, नव्वी, सत्ती, चौकी. पत्त्यांचे ४१, कलरचे मूळ ३५, झाले ७६. कलरचा गुणक ४. एकूण ३०४. काठावर पास! आता हातात एक साधा जोकर असता, तर तो गुणकात आणखी ४ मिळवतो, आणि तोच हात ६०८ चा होतो. असे दीडशे जोकर आहेत. साधारणपणे एका वेळी पाचच जवळ बाळगता येतात आणि प्रत्येकाची आकडा फुगवायची तऱ्हा वेगळी. गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट खेळताना नियम हळूच आपल्या बाजूला वाकवणारा एक काका प्रत्येक आळीत असतो. बालाट्रो तुम्हाला राजरोस तो काका होऊ देतो.

यात खऱ्या पैशाचा संबंध येतो तो गेम विकत घेताना, एकदाच. पुढे एक रुपया लावता येत नाही, जिंकता येत नाही. गेम घेतो ती झोप. ‘एवढा एक डाव’ म्हणता म्हणता अडीच वाजतात. कॅनडातल्या एका निनावी माणसाने जवळपास एकट्याने केलेलं हे काम अलीकडच्या वर्षांतल्या सर्वोत्तम कामांपैकी आहे असं मी बेधडक म्हणेन. आणि मोबाइलवरून मी तो काढून टाकला आहे, तोही दोनदा, हेही त्याच दमात सांगेन.

याच पेगीने त्याच काळात ईए स्पोर्ट्स एफसी या फुटबॉलच्या गेमला ३ चा शिक्का दिलेला होता. त्या गेमच्या अल्टिमेट टीम या भागात खेळाडूंच्या पुड्या असतात. पैसे भरा, पुडी फोडा, आत एम्बापे निघतो की कुठल्या तरी दुसऱ्या फळीच्या संघाचा राखीव गोलरक्षक, ते नशिबावर. आमच्या लहानपणी किराणा दुकानात पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या असायच्या, चार आण्याला एक. बहुतेकांच्या वाट्याला गोळी यायची आणि पुठ्ठ्याच्या मधोमध लटकलेलं घड्याळ शेवटपर्यंत तिथेच असायचं. पुड्यांचा धंदा तोच आहे, फक्त इथे पुठ्ठा कधी संपत नाही. गेममध्ये यादृच्छिक वस्तूंची विक्री आहे अशी बारीक अक्षरांतली सूचना पेगी तेव्हा द्यायची, हे मान्य. पण वयाचा आकडा तीनच होता. आपणही पुड्या घातल्या असत्या तर आपल्या गेमचं वय १८ वरून ३ वर आलं असतं, अशा अर्थाचा टोमणा बालाट्रोच्या निर्मात्याने तेव्हा मारला होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आली, ड्रीम इलेव्हनला पैशांच्या स्पर्धा गुंडाळाव्या लागल्या, भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचं नाव उतरलं. त्या कायद्याच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिलं गेलं. पुड्या त्या चर्चेत फारशा आल्याच नाहीत, कारण त्या फोडणारं पोर घरात ‘फुटबॉल खेळत’ असतं.

शिक्के मारणाऱ्यांशी मला भांडायचं नाही. माझं भांडण माझ्याच जमातीशी आहे. काही वर्षं मी गेमची परीक्षणं लिहितोय, आणि आम्हीही वेष्टन बघूनच निकाल देतो. चित्रं किती देखणी, नकाशा किती मोठा, किती तास पुरतो, आणि शेवटी दहापैकी एक आकडा. खेळणाऱ्याकडून हा गेम नेमकं काय घेतो आणि त्या बदल्यात काय देतो, हा हिशेब फार कमी परीक्षणांत सापडतो. माझ्या मते परीक्षणाचं काम तेवढंच आहे.

आकड्याची बाजू आधी मांडू. माझा भाचा विचारतो, “मामा, चार हजार नऊशे नव्व्याण्णवला आहे, घेऊ का?” त्याला निबंध नको असतो. पाच हजार ही आपल्याकडे चेष्टा नाही. अशा वेळी आकडा उपयोगी वाटतो, आणि थोडाफार असतोही. शंभरातले नव्वद समीक्षक ज्याला वाईट म्हणतात, तो गेम बहुधा वाईटच असतो. पण हा आकडा येतो कुठून? ज्याला गेम फुकट मिळाला, ज्याला तो आठवड्याभरात संपवून लेख द्यायचा होता, ज्याची ती नोकरीच आहे, अशा माणसाकडून. वेळ आणि पैसा या दोन गोष्टींची झळ ज्याला लागलेली नाही, त्याने काढलेली ती सरासरी. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

आणि एकदा आकडा छापला की कारणं कोणी वाचत नाही. २०१४ साली पोकेमॉनच्या एका गेमला एका मोठ्या संकेतस्थळाने ७.८ दिले आणि उण्या बाजूंमध्ये लिहिलं, ‘पाणी फार’. समुद्राच्या वाटांवर तेच तेच प्राणी पुन्हा पुन्हा आडवे येतात, हा मुद्दा परीक्षणात नीट मांडला होता. दहा वर्षं उलटून गेली तरी जग हसतंय ते ७.८ आणि पाण्याला. फॉलआउट: न्यू व्हेगासची गोष्ट हसण्यासारखी नाही. तो बनवणाऱ्या कंपनीच्या एका सहसंस्थापकाने २०१२ साली सांगितलं होतं की मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावर, ८५ आले असते तर त्यांना बोनस मिळणार होता. आले ८४.

मेटाक्रिटिकची ही गोष्ट मला परत आठवली ती क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३ खेळताना. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलियेच्या एका नव्या स्टुडिओचा हा गेम आला आणि वर्षाअखेरीस गेम अवॉर्ड्सचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला. त्यात क्षितिजावर एक प्रचंड शिळा उभी असते. एक चित्रकर्ती दरवर्षी तिच्यावर आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं हवेत विरून जातात. सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास गेममध्ये लढाई जवळजवळ नाहीच. बंदराकडे जाणारी माणसं, गळ्यात फुलं, निरोप, आणि आकडा बदलण्याची वाट. गेममध्ये इतका संयम मी क्वचित पाहिला आहे. लढाई आळीपाळीची आहे, पण शत्रूची पाळी आली म्हणून पाय पसरून बसता येत नाही. वार अडवायला नेमक्या क्षणी बटण दाबावं लागतं. हा मेळ मस्त जमलाय. मधल्या भागात वेळ घालवणारे कोपरे आहेत, जगाचा नकाशा पुढे पुढे विस्कळीत होतो. शेवटी जी निवड करायला लावतात तिच्यावर घरात भांडण होऊ शकतं, आमच्याकडे झालं. चाळीस-पन्नास तास घेतो आणि त्यातले बहुतेक सार्थकी लावतो.

तासांचा मुद्दा निघालाच आहे तर वेनबाबद्दल लिहायला हवं. जुलै २०२३ मध्ये टोरांटोच्या एका छोट्या चमूने काढलेला हा गेम दीड तासात संपतो. एवढ्याचसाठी कित्येकांनी नाक मुरडलं. एका सिनेमाएवढं तर आहे, मग पैसे कशाला द्यायचे? १९८८ चा कॅनडा. तमिळनाडूहून आलेलं जोडपं, वेनबा आणि पावलन. नोकरीची धड खात्री नाही, परत जावं की राहावं ठरत नाही. वेनबाकडे आईने दिलेली पाककृतींची वही आहे, आणि तिची पानं फाटलेली, शाई पुसट झालेली. खेळायचं म्हणजे एवढंच की त्या अर्धवट वाचता येणाऱ्या ओळींवरून पदार्थ करायचा.

पहिला पदार्थ इडली. पीठ घातलं, ताटल्या एकावर एक रचल्या, झाकण ठेवलं, आणि माझ्या इडल्या बिघडल्या. ताटल्या कशा फिरवून लावल्या म्हणजे वाफ सगळ्या थरांतून वर जाईल, हे वहीत नेमकं पुसलं गेलेलं असतं. आमच्या घरच्या वहीतही हेच: ‘मीठ अंदाजाने’, ‘बेताचं भाजावे’. ज्याला येतं त्याच्यासाठीच लिहिलेली वही. वेनबाने या एका गोष्टीचा खेळ केला आहे. पुढे मुलगा कविन मोठा होतो, त्याला पिझ्झा हवा असतो, आईने शाळेत यावं हे नको असतं. आणि एक दिवस तीच वही घेऊन ओट्याशी उभं राहायची वेळ त्याच्यावर येते. तमिळ त्याला धड वाचता येत नाही. म्हणजे आधी शाईमुळे अडलेलं आता भाषेमुळे अडतं, आणि बोटांखालचं कोडं मात्र तेच राहतं. न्यू जर्सीत वाढलेल्या कुठल्याही मराठी मुलाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

दीड तासात हे सगळं. याउलट असॅसिन्स क्रीड: व्हॅल्हालामध्ये मी साठ तासांवर घालवले. नकाशावरचा एक ठिपका पुसला की पुढचा ठिपका, पेटीमागे पेटी. नॉर्वे देखणं आहे, इंग्लंड हिरवंगार आहे, पण त्या साठ तासांतलं आज मला काय आठवतं म्हणाल तर बोटीवरची गाणी. तासाला किती रुपये पडले असा भागाकार केला तर व्हॅल्हाला स्वस्त आणि वेनबा महाग ठरतो. भांडारकर रस्त्यावरच्या खानावळीत जेवून आल्यावर कोणी ‘दर घासाला किती पडले’ असं काढत नाही, पण गेमच्या बाबतीत आम्ही समीक्षकच हे गणित वाचकांना शिकवून बसलोय.

मोठा गेम म्हणजे पोकळ गेम असंही मला म्हणायचं नाही. बाल्डर्स गेट ३ (लॅरियन, ऑगस्ट २०२३) शंभर तास सहज घेतो. पण त्यात वीस बाजूंचा फासा टाकून हरलात तरी गोष्ट थांबत नाही, वेगळ्या वाटेला लागते. एका पहारेकऱ्याला थाप मारायला गेलो, फासा वाईट पडला, आणि पुढचे तीन तास त्या चुकीची फळं निस्तरण्यात गेले. ते तीन तास माझे होते. माझ्या मित्राच्या गेममध्ये ते नाहीतच. तिसऱ्या अंकात शहरात पोचल्यावर गेमला धाप लागते, आणि सामानाच्या पिशव्या आवरण्यात जो वेळ जातो त्याबद्दल लॅरियनला माफी नाही.

आता थोडं अप्रिय. हॉलो नाइट: सिल्कसाँगची जगाने सहा-साडेसहा वर्षं वाट पाहिली, फेब्रुवारी २०१९ मध्ये घोषणा, ४ सप्टेंबर २०२५ ला गेम, आणि त्या दिवशी ऑनलाइन दुकानं कोलमडली. ॲडलेडच्या टीम चेरीने एक चांगली गोष्ट केली: समीक्षकांना आगाऊ प्रती दिल्याच नाहीत. सगळ्यांनी एकाच दिवशी सुरुवात केली, आणि कित्येक ठिकाणी निकालाऐवजी ‘अजून खेळतोय’ असे लेख आले. मला ते त्या वर्षीचे सगळ्यांत प्रामाणिक लेख वाटले.

गेम अप्रतिम हलतो. हॉर्नेट या नायिकेच्या प्रत्येक उडीत नाच आहे. कठीण आहे, आणि कठीण असण्याला माझी हरकत नाही. माझी हरकत पायपिटीला आहे. लास्ट जज नावाच्या बॉसपाशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या बड्या शत्रूपाशी, हरलात की मागच्या बाकावरून (मेल्यावर खेळ तिथूनच पुन्हा सुरू होतो) पुन्हा उड्या मारत, शत्रू चुकवत, तीच वाट. गेममध्ये जीव मुखवट्यांत मोजतात; सुरुवातीला जेमतेम पाच मुखवट्यांचं आयुष्य आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन काढतात, म्हणजे बॉसच्या दारापर्यंत पोचेतो निम्मे गेलेले. बॉस मला काहीतरी शिकवतो. ती वाट मात्र तिसऱ्या खेपेनंतर काही शिकवत नाही, नुसती दंड वसूल करते. याला चाहत्यांचं ठरलेलं उत्तर आहे: ‘तुला जमत नाही म्हणून.’ अर्धं खरंय. माझी बोटं विशीतली राहिलेली नाहीत आणि रात्री जेवणं आटोपल्यावर मिळतो तो सव्वा तास. पण एल्डन रिंगही मला जमत नव्हता. फेब्रुवारी २०२२ चा तो गेम. बाहेर पडल्या पडल्या सोनेरी चिलखतातला घोडेस्वार समोर, दोन फटक्यांत खेळ खलास. आणि तिथेच गेम न बोलता सांगतो की जग मोठं आहे, दुसरीकडे जा, मग ये. पुढे अनेक बॉसच्या दाराशीच पुनर्जन्माचे खांब रोवलेले आहेत. हरलात की लगेच परत आत. तो बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअरचे जुने गेम या बाबतीत निर्दय होते. म्हणजे काठिण्य आणि पायपीट या वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनाही उमगलं असावं. टीम चेरीनेही पहिल्या काही आठवड्यांत सुरुवातीचे दोन बॉस थोडे सौम्य केले. वाटा तशाच ठेवल्या. ज्याच्याकडे मोकळी दिवाळीची सुट्टी आहे त्याने सिल्कसाँग जरूर घ्यावा. सव्वा तासवाल्यांनी विचार करावा. एकाच गेमबद्दलची ही दोन वाक्यं एका आकड्यात कशी बसवायची ते मला अजून कळलेलं नाही.

निकाल कधी द्यायचा हाही घोळच आहे. डिसेंबर २०२० मध्ये सायबरपंक २०७७ ची सुरुवातीची परीक्षणं आली ती फक्त पीसीवर खेळून, कारण कन्सोलच्या प्रती आगाऊ दिल्याच नव्हत्या, आणि समीक्षकांना स्वतः टिपलेली दृश्यं दाखवायलाही मनाई होती. गुण भरभरून पडले. आठवडा-दीड आठवड्यात सोनीने प्लेस्टेशनच्या दुकानातून गेम काढून घेतला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. २०२३ पर्यंत तोच गेम दुरुस्त होत होत खरोखर उत्तम झाला, पण तोवर पहिली परीक्षणं दोन्ही अर्थांनी खोटी ठरली होती. क्रॅश टीम रेसिंगची नवी आवृत्ती जून २०१९ मध्ये आली, तिचं कौतुक झालं, आणि ऑगस्टमध्ये गेमची नाणी खऱ्या पैशाने विकायला सुरुवात झाली. परीक्षणं छापून झालेली होती. याला माझ्या मते दुसरा इलाज नाही: सहा महिन्यांनी त्याच माणसाने त्याच गेमकडे परत जायचं आणि आपलं काय चुकलं ते लिहायचं. संपादकांना हे आवडत नाही, जुन्या गेमवर कोणी क्लिक करत नाही म्हणतात. आणि आपल्या देशात बहुतेक लोक जे खेळतात ते मोबाइलवरचे फुकट गेम तर परीक्षणाच्या यादीतच नसतात. बीजीएमआयवर, म्हणजे पबजीच्या भारतीय आवृत्तीवर, बंदीच्या बातम्या ढीगभर वाचल्या. तो गेम म्हणून कसा आहे, यावर धड लिहिलेलं मराठीत मला एक पानही सापडलं नाही.

सहा महिने सोडा, मला पाच वर्षं लागली. राजी: ॲन एन्शंट एपिक हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा गेम. ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला, मग इतरत्र, आणि त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ, राजस्थानी गढ्या, भिंतींवर पहाडी शैलीतली चित्रं, आणि निवेदन करताना एकमेकांशी बोलणारे दुर्गा आणि विष्णू. पुण्यात बसून कोणी हे केलं याचंच मला तेव्हा भरून आलं होतं. मी परीक्षण लिहिलं, आठ गुण दिले.

गेल्या दिवाळीत तो भाच्यासोबत पुन्हा खेळलो. चित्रं अजूनही तितकीच सुंदर आहेत. भिंतीवरच्या कथांपाशी तो आपणहून थांबला, हे मी मुद्दाम नोंदवतोय. पण कॅमेरा दूर असल्याने उडी कुठे पडणार याचा अंदाज येत नाही आणि राजी सारखी दरीत जाते. लढाईत दोन-तीन चाली सापडल्या की त्याच चालतात. आणि गोष्ट रंगात आली म्हणेपर्यंत संपते, तीही अशी की भाच्याने माझ्याकडे बघून विचारलं, “संपला?” यातली प्रत्येक गोष्ट मला २०२० मध्येही दिसली होती. मी लिहिली नव्हती. आता त्याने दहापैकी किती म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, सहा. मग तेव्हा आठ का दिले होतेस?

वरचे दोन पुण्याचे होते.